सेल संपले नव्हते

दसहरी आली की आमच्या घरात बादली निघते. निळी, प्लास्टिकची, कडेला चीर गेलेली. माझी बायको सुमती तिच्यात पाणी भरते, आंबे सोडते आणि तासभर कुणाला हात लावू देत नाही. देठाचा चीक पाण्यावर तेलासारखा तरंगतो आणि सहाव्या मजल्यावरच्या आमच्या बंद घरात मलिहाबादच्या आंबेबागांचा वास पसरतो. मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. जातोही. दुसऱ्या खोलीतही तोच वास असतो.

गोमती नगरमधल्या या फ्लॅटच्या खिडक्या जूनमध्ये सकाळी दहाला लागतात त्या संध्याकाळी सहाला उघडतात. बाहेर लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहत असते. काचेपलीकडे रस्ता दिसतो, त्यावरून तोंडाला गमछा गुंडाळलेली माणसं स्कूटरवरून जाताना दिसतात, आवाज मात्र एकाचाही येत नाही. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी कुठे जात नाही. भिंतीला लागून रेकॉर्डींचं कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या स्वेटरखाली, एक कॅसेट आहे. छत्तीस वर्षांत मी तीन घरं बदलली. तिन्ही घरांत ती याच जागी राहिली.

यंदा बादली निघाली त्याच दिवशी रेवाचा फोन आला.

रेवा म्हणजे माझ्या मित्राची, मान्यांची मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता इथल्याच एका कॉलेजात शिकवते. मराठी तिला सगळी कळते. उत्तर हिंदीत येतं. तिनं आणि तिच्या पाच-दहा मैत्रिणी-मित्रांनी मिळून गाणं ऐकायचा एक गट काढलाय. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एका कॅफेच्या वरच्या हॉलमध्ये जमतात.

"काका, इस बार जॅझ है. और एल्बम आप चुनेंगे."

"किती निवडू?"

"एक. सिर्फ़ एक. जिसे सुनकर आदमी कह सके कि हाँ, जॅझ यही है. पूरा बजेगा, शुरू से आख़िर तक. बीच में कोई नहीं बोलेगा, यह हमारा नियम है."

बीच में कोई नहीं बोलेगा. मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

लोकांना मी या गावातला जॅझचा जाणकार वाटतो. खरं इतकंच की वनस्पतिशास्त्रातल्या संशोधनासाठी तरुणपणी दोन वर्षं परदेशात होतो आणि येताना अकरा रेकॉर्डी घेऊन आलो. इथल्या संशोधन संस्थेच्या कॉलनीत मला तळमजल्याचं क्वार्टर मिळालं. तिथल्या खिडकीला उन्हाळ्यात खसाचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा लागायचा. त्यावर दर अर्ध्या तासानं पाणी मारायचं, की खोलीत हिरवट अंधार आणि ओल्या मातीचा वास. शनिवारी दुपारी अडीचला दार वाजायचं. चारबागच्या रेल्वे कॉलनीतून सायकल मारत माने आलेले असायचे. सदाशिव माने, सिग्नल खात्यातले इंजिनिअर, गाव तासगाव. डोक्यावर ओला टॉवेल, चेहरा विटेसारखा लाल.

"आगाशे, पाणी दे आधी. तुझा तो रेकॉर्डीतला काळा बाबा मग."

रेकॉर्ड लागली की ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलू लागायची. ठेका धरणाऱ्याची बोटं अशी हलत नाहीत. एकेक बोट सुटं, दाबल्यासारखं. मला ते कळायला वर्ष लागलं. एका शनिवारी त्यांनी सायकलच्या कॅरिअरवरून एक लांबट पेटी आणली, तिच्यातून क्लॅरिनेट काढून जोडलं आणि आत्ताच ऐकलेली ओळ वाजवून दाखवली. जशीच्या तशी नाही. थोडी वाकवून, शेवटी वेगळ्याच सुरावर टेकवून.

"कुठं शिकलात?" मी थक्क होऊन विचारलं.

माने बराच वेळ क्लॅरिनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "वडलांचा बँड होता. लग्नातला. लाल कोट, पितळी बटणं, सगळं. मी बारा वर्षांचा असल्यापासून वाजवत होतो, मॅट्रिकपर्यंत."

आणि मग त्यांनी मला जॅझ शिकवलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. अकरा रेकॉर्डी माझ्या, पुस्तकं माझी, संस्थेच्या क्लबात भाषणं द्यायचो तीही मीच. पण ते संगीत कसं चालतं हे मला मान्यांनी सांगितलं, खसाच्या पडद्याआड, नुसत्या बंडीवर बसून.

"वरात दारात आली की नवरा घोड्यावरनं उतरत नाही. रुसलेला असतोय. मेव्हणे समजूत घालतात, म्हातारी माणसं मधे पडतात. तोवर बँडनं काय करायचं? गाणं तर तीन मिनिटांचं. थांबलं तर अपशकुन. मग आमचं म्हातारं तेच गाणं वळवत बसायचं. खालनं घ्यायचं, वरनं घ्यायचं, मधेच मोडायचं, परत जोडायचं. अर्धा अर्धा तास. लोकांना वाटायचं तेच चाललंय. अरे, तेच कधीच नसायचं!" ते हसले. "तुझा काळा बाबा काय वेगळं करतोय? त्याचापण नवरा उतरंना झालाय."

मग गंभीर होऊन म्हणाले, "हे मंडळात कुणाला बोलू नकोस. मला लाज नाही वाटत. पण माझ्या बायकोला त्या बायकांत बसायचंय."

मंडळ म्हणजे इथल्या मराठी लोकांचं मंडळ. तीस-चाळीस कुटुंबं, शास्त्रज्ञ, प्राध्यापक, केंद्र सरकारचे अधिकारी, रेल्वेतले. परमुलखात एकमेकांना धरून राहणारी. गणपती एकत्र, कोजागिरी एकत्र. आणि नवा माणूस आला की चहाचा कप हातात देता देता विचारायचं, "माने म्हणजे कुठले माने?" यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

आमचा एक खेळ होता. घराला आग लागली, एकच रेकॉर्ड वाचवता येईल, तर कुठली? मी दर महिन्याला उत्तर बदलायचो आणि कारणं द्यायचो. मान्यांचं उत्तर पहिल्यापासून ठरलेलं होतं. एका ट्रंपेटवाल्याची रेकॉर्ड होती, धुरकट खोली आणि पाठमोरा माणूस असं कव्हर. तिच्या दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी त्याचा सूर चक्क फाटतो. घसा बसलेल्या माणसासारखा.

"हीच," माने म्हणायचे. "बघ, चुकला. परत वाजवून नीट करता आलं असतं की नाही? पण नाही केलं. चूक ठेवली आणि पुढं जाऊन तोच फाटका सूर दोनदा मुद्दाम वाजवला. म्हणजे आता ती चूक राहिली का? ज्यानं चूक कापली त्याचं ते कवायतीच्या बँडचं काम. जॅझ नव्हे."

दर जूनमध्ये मंडळाची सहल मलिहाबादला जायची. एक बस, सतरंज्या, पुरी-भाजीचे डबे. दसहरीच्या बागेत दिवसभर राहायचं आणि पाच वाजता परतायचं. ऊन इतकं असायचं की झाडाच्या सावलीबाहेर पाऊल टाकवत नसे. बागेचे राखणदार पोपट हाकलायला कुठूनतरी लांब, चिरकी आरोळी द्यायचे. मधूनच पिकला आंबा धप्पकन पडायचा आणि सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळायच्या. बागेच्या टोकाला ट्यूबवेल होती. तिच्या इंजिनाची धडधड सुरू झाली की हौदात गार पाणी यायचं आणि आंबे भिजत घातलेल्या बादल्या तिथे मांडल्या जायच्या.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या सहलीला मीच मान्यांच्या मागे लागलो. आणा क्लॅरिनेट, बागेत वाजवा. मला माझा मित्र दाखवायचा होता. त्याहून, असा मित्र असलेला मी दाखवायचा होतो. मी टेपरेकॉर्डर घेतला, त्यात नवे सेल घातले, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि सतरंजीवर त्यांच्या गुडघ्याशी ठेवला.

पहिली दहा मिनिटं लोक बोलत होते. मग गप्प झाले. मान्यांनी आमच्या रेकॉर्डींतलीच एक धून घेतली होती, संथ, आणि तिला ते हळूहळू उलगडत नेत होते. राखणदाराची आरोळी आली तशी त्यांनी तीही सुरात घेतली, वरून खाली घसरणारी. पोरं खिदळली. एक आंबा पडला, तर त्याच्या धप्पवर ते थांबले, एक मात्रा रिकामी सोडली आणि पुढे गेले. मी पुष्कळ जॅझ ऐकलंय. त्या बावीस मिनिटांइतकं जिवंत मी काही ऐकलेलं नाही.

मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "काय हो हे! कुठं शिकले एवढं?"

सगळे मान्यांकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. माझ्या रेकॉर्डी, माझी निवड, माझं दोन वर्षांचं परदेश, कशाचंच कुणाला काही नव्हतं. आणि माझ्या तोंडून, चांगल्या खणखणीत आवाजात, आलं:

"शिकायचं काय त्यात? वडिलोपार्जित आहे. घरचा वरातीचा बँड. आता फक्त घोडा आणायचा राहिलाय!"

हशा पिकला. खरंच पिकला. कुणीतरी ओरडलं, "माने, मग आमच्या शकूच्या लग्नाची तारीख घेऊन ठेवा!" पुन्हा हशा. तेवढ्यात ट्यूबवेलचं इंजिन सुरू झालं, पोरं "आंबे, आंबे" करत धावली आणि सगळी मंडळी उठून हौदाकडे गेली. मीही गेलो. सुमती मागे राहिली होती, मान्यांच्या बायकोजवळ. मी परत आलो तेव्हा क्लॅरिनेट पेटीत होतं, पेटीला कडी होती आणि माने सतरंजीची घडी घालत होते. टेपरेकॉर्डरचं बटण बाजू संपल्यामुळे वर आलेलं होतं.

गंमत काय, मी भाषणात लोकांना सांगायचो की जॅझ जन्मलं ते रस्त्यावरच्या बँडमधून. लग्नाच्या, मयताच्या मिरवणुकीत पितळी वाद्यं वाजवणाऱ्या, पोटासाठी वाजवणाऱ्या, ज्यांना कुणी घरात घेत नसे अशा माणसांकडून. हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं. सांगताना माझा आवाज भरून यायचा. आणि तीच गोष्ट लाल कोटातून उतरून, सायकल मारत, दर शनिवारी माझ्या दारात येत होती.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेट ऐकली. बावीस मिनिटं, मग माझा आवाज. हशा सुरू होताच मी बटण दाबलं. त्यानंतर छत्तीस वर्षं मी त्या जागेच्या पुढे गेलो नाही.

पुढच्या शनिवारी अडीचला माने आले. पाणी प्यायले, बसले. पेटी आणली नव्हती. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "टेप केलं होतंस ना? कसं आलंय?"

मी म्हणालो, "अर्धवटच आलंय हो. सेल संपले मधेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "हं," म्हणाले. "संपतात सेल."

ते पुढेही येत राहिले, पेटीशिवाय, दोन शनिवारांतून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. भांडण झालं असतं तर सोडवता आलं असतं. ते झालंच नाही. मी माफी मागायचं पुढे ढकलत गेलो, आणि ढकलत ढकलत ते इतकं लांब गेलं की आता काढलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, असं मी स्वतःला पटवलं. नऊ वर्षांपूर्वी माने गेले. तेराव्याला कुणीतरी विचारलं, इतकं छान वाजवायचे म्हणे, मग का सोडलं? मी पुढे होऊन सांगितलं, दमा. इथली धूळ. मी रेवाला कॅसेटची नक्कलही करून दिली, बावीस मिनिटांची, माझ्या बोलण्याच्या आधी अलगद आवाज कमी करत नेलेली. तिनं ती छातीशी धरली होती.

फोन आल्यावर मी आठ दिवस कपाटासमोर बसलो. एकच निवडायची. एक काढायचो, ऐकायचो, कारणं लिहायचो, फाडायचो. बाहेर लू, आत एसीची घरघर आणि बादलीचा वास. सुमती लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. एकदा मान वर न करता म्हणाली, "आठ दिवस शोधताय. कुठली आहे ते तुम्हाला माहितीये."

"कुठली?"

"स्वेटरखालची." अडकित्ता खटकन वाजला. "लावणार असाल तर पूर्ण लावा. मी तिथं होते."

गेल्या रविवारी रेवा स्वतः आली. दुपारी, लू अंगावर घेत. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, बादलीतला आंबा पिळून पिळून मऊ करत म्हणाली, "काका, आप टाल रहे हैं."

"तसं नाही गं. एक निवडणं अवघड असतं."

"बाबा होते तो एक मिनट में चुन लेते." मग आंबा तसाच हातात धरून ती थांबली. "एक बात कहें? आप सबसे दमा कहते हैं. बाबा को दमा था ही नहीं. आख़िर तक चारबाग का पुल पैदल चढ़ते थे. हमें मालूम है क्यों छोड़ा. हम छह साल के थे, वो बजाते थे तो कान बंद करके चिल्लाते थे, बाबा बंद करो, बंद करो. एक दिन उन्होंने बंद कर दिया. आप लोगों ने हमें बचाने के लिए दमा बना दिया. है ना?"

अडकित्ता थांबला होता. सुमती माझ्याकडे बघत होती.

माझ्या गुन्ह्याचं ओझं माझ्यापाशीच आहे, एवढं एक समाधान मी आजवर बाळगून होतो. तेही खरं नव्हतं. एका सहा वर्षांच्या पोरीनं ते उचललं होतं आणि चाळीस ओलांडली तरी खाली ठेवलं नव्हतं.

मी उठलो, गुडघे वाकवून खालच्या खणाशी कसाबसा बसलो, स्वेटर बाजूला केला. टेपरेकॉर्डर मी दरवर्षी दुरुस्त करून ठेवतो. का ते कुणी विचारलं नव्हतं. कॅसेट घातली आणि म्हणालो, "यात बावीस मिनिटांनंतर पुढे आहे. तुझ्या वडिलांनी का सोडलं ते आहे. तू नव्हतीस त्यात."

बावीस मिनिटं आम्ही तिघं हललो नाही. जागा जवळ आली तसा माझा अंगठा सवयीनं बटणाकडे गेला. मी हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो.

माझा आवाज आला. तरुण, खूश, स्पष्ट. घोडा आला. हशा आला. शकूचं लग्न आलं. रेवाच्या हातातला आंबा फुटून रस मनगटावरून ओघळला, तिनं पुसला नाही. मग इंजिन, पोरांची पळापळ, चपला. मी थांबलो होतो ती पेटीची कडी ऐकायला.

कडी वाजली नाही. क्लॅरिनेट वाजलं.

वरातीचं गाणं होतं ते. उघड उघड, गावातल्या बँडनं वाजवावं तसं, ठसक्यात. एकदा सरळ. मग त्यांनी ते वळवायला घेतलं. खालून घेतलं, वरून घेतलं, मोडलं, जोडलं. लोक हौदावर, इंजिन धडधडतंय, समोर रिकामी सतरंजी, आणि माने आपल्या वडिलांचं गाणं वाजवतायत, नवरा उतरेपर्यंत. आमच्या हशाची लय, ती हा-हा-हा, तीसुद्धा मधे दोनदा आली. मुद्दाम. सात-आठ मिनिटं. मग बाजू संपली आणि बटण आपोआप वर आलं.

टेप चालू आहे हे त्यांना माहीत होतं. कसं आलंय, असं त्यांनी विचारलं होतं. आणि मी म्हणालो होतो, सेल संपले.

रेवानं चिकट बोटांनीच टेप मागे घेतली, हशापर्यंत, आणि ती आठ मिनिटं पुन्हा ऐकली. माझ्याकडे बघितलं नाही. उठली, हात धुतले, पायांत चपला घातल्या. सुमती म्हणाली, "ऊन उतरू दे गं." ती थांबली नाही. दारात मात्र वळली.

"शनिवार को यही बजेगा. आप ख़ुद लगाएँगे. और रोकेंगे नहीं."

"तिथे मंडळातले काही लोक—"

"बीच में कोई नहीं बोलेगा, काका."

आज शुक्रवार. मी तिला पाठवायचा मजकूर लिहून ठेवलाय, निवडीसोबत वाचून दाखवायचा. क्लॅरिनेट: सदाशिव माने. जागा: मलिहाबाद, आंब्याची बाग. कालावधी: तीस मिनिटं. बोलणारा: मी. कुठेही कापलेलं नाही. खाली माझं नाव लिहिलंय, पूर्ण.

खिडक्या अजून बंद आहेत, सहा वाजायला वेळ आहे. सुमतीनं बादलीतलं पाणी बदललंय. मी टेपरेकॉर्डरमधले सेल काढून नवे घातले, मग ते चालतात का ते पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.